सातव्या अंकाची मागची बाजू

आमच्या अनियतकालिकाचं नाव ‘खरकटं’.
सोळा कागद, कोपऱ्यात एक पिन,
किंमत : सुट्टे असतील तेवढे.
छापखाना म्हणजे कोपरखैरणे, सेक्टर पंधरा,
जिथे मी दिवसभर लोकांचे जातीचे दाखले,
भाडेकरार, हॉलतिकिटं
काचेवर पालथी घालते
आणि झाकण दाबून धरते, नीट, कोपऱ्याला कोपरा.
रात्री साडेनऊनंतर तीच काच आमची.

कागद विकत घ्यायचा नाही असं ठरलं होतं.
ठरलं कसलं, पैसेच नव्हते.
दुकानात दिवसाला पन्नासेक प्रती बिघडतात :
कुणाची तिरकी येते, कुणाची काळी,
कुणाचं आधार कार्ड कपाळापर्यंतच.
शेठ म्हणतो, रद्दीत टाक.
मी त्यांची कोरी बाजू वर करून ठेवते.
म्हणून ‘खरकटं’ची एक बाजू आमची,
दुसरी गावाची.

बँडचं नाव ‘अर्धं शटर’,
कारण इक्बालभाईंच्या रिक्षा-गॅरेजचं शटर
त्याहून वर जातच नाही.
वाकून आत यायचं. आत ग्रीस,
उलट्या ठेवलेल्या सीटा,
आणि रबाळ्याच्या बाजूनं येणारा तो वास
ज्यालाच आम्ही लहानपणी रात्र समजायचो.
ऐकायला बावीस जण, त्यातले चार
रिक्षा दुरुस्त व्हायची वाट बघणारे.

ड्रमवर निळकंठ मढवी.
लग्नसराईत तो हळदीच्या बेंजो पार्टीत असतो,
उरलेल्या वर्षात आमच्यात.
मधेच त्याचा हात चुकून हळदीवर जातो
आणि खरं सांगायचं तर
तेवढ्यापुरतेच आम्ही चांगले वाजतो.
गिटारला तीन कॉर्ड. चौथा ज्याला येत होता
त्याला पनवेलला नोकरी लागली.

प्राजू शेडगे गात नाही, हिशेब मागते.
तिचे वडील मार्केटात पोती उचलायचे,
त्यांच्या मानेवरचा घट्टा तिच्या गळ्यात आलाय :
वजन कुणाचं? वजन कुणाचं?
एवढेच शब्द, दीड मिनिट,
मग माइकची वायर निघते.
मी ते हातानं लिहिले, मोठे, वाकडे,
सातवा अंक, पान अकरा.

मंगळवारी दुपारी एक बाई आल्या.
हातात ‘खरकटं’. माझ्या पोटात गोळा.
“भाच्याच्या दप्तरात सापडलं,” म्हणाल्या,
आणि पान अकरा उलटं केलं.
तिकडे वीज मीटरचा अर्ज, तिरका आलेला,
खाली सही : द. रा. उतेकर.
अक्षरं एकमेकांचा हात धरून
रस्ता ओलांडत असल्यासारखी.

“आमचे हे. मार्चमध्ये गेले.
जन्मभर अंगठा दिला. सही शिकले शेवटी शेवटी,
नातीकडून. कागदावर केली ती एवढीच.
अर्ज ऑफिसात गेला, तो काय परत येतो?”

मी माफी शोधत होते.
त्या म्हणाल्या, “पिन काढून द्याल?
माझं नख लागत नाही.”
पिन काढली. म्हटलं, लॅमिनेशन करून देते, पैसे नकोत.
लॅमिनेशनमध्ये दोन्ही बाजू दिसतात
हे मशीन गरम झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्यांनी पान फिरवलं. ओठ हलवत वाचलं,
वजन कुणाचं.
“हे कोण विचारतंय?”
प्राजू. शेडग्यांची.
“विचारू दे,” म्हणाल्या,
आणि ते गरम पान पदरात धरून
उन्हात गेल्या.

आठव्या अंकाला उशीर होतोय.
बिघडलेली प्रत मी आता आधी वाचते,
नाव, पत्ता, शिक्का, सगळं.
निळकंठ विचारतो, अंक कधी?
अनियतकालिक आहे, मी म्हणते,
आणि एका कपाळाकडे बघत बसते,
खालचा चेहरा आठवतो का ते.